मराठवाड्याचे कलम



मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, असे अभिमानाने सांगितले जाते. पण २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात या मागासलेल्या भागाच्या विकासाकडे खास लक्ष पुरविण्याची हमी होती, तिचा उच्चार मात्र क्वचितच होतो. १९५६ साली औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ (२) हे कलम घटनेत समाविष्ट झाले. स्वतंत्र विकास मंडळे, विकासनिधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी यांची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे सोपविण्याची तरतूद त्यात आहे.

तथापि या कलमाची भाषा बारकाईने वाचली पाहिजे. मूलभूत हक्कांवर घाला आला तर नागरिक ३२ व्या कलमान्वये थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. तो मार्ग हाच एक मूलभूत हक्क आहे. ३७१ (२) मध्ये मात्र राष्ट्रपती आदेशाने तशी तरतूद 'करू शकतील' एवढेच म्हटले आहे. करू शकतील म्हणजे न करण्याचीही मुभा आली! ती अडतीस वर्षे वापरली गेली. त्या काळात दिल्लीत जनता पक्षाचेही सरकार होते, हे समाजवाद्यांनी विसरू नये. १९८४ साली वि. म. दांडेकर समितीने मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी रुपयांचा अनुशेष आकड्यांनिशी मांडला; त्यानंतरही मंडळे अस्तित्वात यायला १९९४ साल उजाडले. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. ती वाढविली गेली नाही आणि त्यासाठी घटनेतील एक अक्षरही बदलावे लागले नाही.

याउलट उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची कथा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमातील शब्दही सक्तीचे नव्हते. पूर्वी हैदराबादेत दाद मागणाऱ्या नांदेडच्या शेतकऱ्याला त्यानंतर मुंबई गाठावी लागे. वकील आणि नागरिक यांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादेत न्यायासन बसले. त्याला आव्हान दिले गेले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि १९८४ साली कायम खंडपीठ झाले.

म्हणून छत्रपती संभाजीनगरातून आता मागणी व्हावी ती केवळ मंडळांना आणखी काही वर्षे देण्याची नव्हे. 'करू शकतील' या जागी 'करतील' हा शब्द घालणारी घटनादुरुस्ती हवी, आणि राज्यपालांचे निदेश पाळले न गेल्यास न्यायालयात जाण्याचा स्पष्ट अधिकार मराठवाड्यातील नागरिकाला हवा.