न जळणारा उजेड

आम्हा कवींना दिवा म्हटलं की जळणं आठवतं. गझलेतली शमा रात्रभर वितळते, परवाना तिच्यावर झेप घेतो, तेव्हा कुठं शेर होतो. पणती असो की समई, वात जळाल्याशिवाय उजेड नाही. आज मात्र मी एका न जळणाऱ्या उजेडाविषयी बोलणार आहे. तो चक्क प्लास्टिकमधून येतो.

प्लास्टिकमधून वीज जात नाही, म्हणून तर आपण तारेला त्याचं वेष्टण घालतो. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी ही समजूत मोडली. त्यांनी आयोडीन मिसळलेल्या एका बहुवारिकातून वीज वाहून दाखवली. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. बहुवारिक म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब माळ. पुढं १९९० साली केंब्रिजमध्ये अशाच एका माळेच्या पातळ थराला वीज जोडली, तर तो हिरवट-पिवळा उजळला. एका बाजूनं इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूनं त्यांच्या रिकाम्या जागा. दोघांची गाठ पडते तिथं प्रकाश फुटतो.

पण या माळांची एक खोड आहे. बेंझिनच्या षटकोनी कड्यांच्या सरळ माळा एकमेकींना इतक्या बिलगतात, की कुठल्याच द्रावणात विरघळत नाहीत. शिवाय फार दाटीत उजेडही मंदावतो. मग रसायनशास्त्रज्ञांनी माळेऐवजी झाड करायचं ठरवलं.

हे झाड कसं वाढतं, ते ऐका. असा रेणू घ्यायचा, ज्याला एक हात बोरॉनचा आणि दोन हात ब्रोमीनचे. बोरॉननं फक्त ब्रोमीनचाच हात धरायचा, हा नियम. म्हणजे प्रत्येक जोडणीनंतर एक हात मोकळा उरतो, तिथून नवी फांदी फुटते. हात जुळवून देतं पॅलेडियम. जपानच्या सुझुकींची ही रीत; त्यांना २०१० साली नोबेल मिळालं. किम आणि वेबस्टर या शास्त्रज्ञांनी १९९०च्या सुमारास अशी फांद्यांची बहुवारिकं बनवली, आणि ती विरघळली! विरघळलेलं बहुवारिक शाईसारखं पसरता येतं, म्हणजे दिवा छापण्याची वाट मोकळी होते.

गंमत अशी, की लग्न जुळवून झाल्यावर मध्यस्थानं घर सोडावं लागतं. पॅलेडियमचे कण मागं राहिले, तर तेच उजेड गिळतात. म्हणून सारं धुऊन, गाळून स्वच्छ करावं लागतं.

फांद्यांचीही किंमत आहेच. त्या रेणूंना दूर ठेवतात, पण फार दूर ठेवलं तर वीज एकाकडून दुसऱ्याकडं उडी मारू शकत नाही. दाटी झाली तर उजेड विझतो, अंतर वाढलं तर वीजच पोचत नाही. निळा रंग तर अजूनही लवकर थकतो. आज फोनच्या झगमगत्या पडद्यांत बहुतेक छोटे रेणूच असतात, निर्वात पोकळीत बसवलेले. छापील दिव्याला अजून बरंच चालायचं आहे.

मी बी.ए. झालेला माणूस, प्रयोगशाळा माझी नव्हे. पण किती जवळ यावं आणि किती अंतर राखावं, हा प्रश्न माझा आहे. तो घराघरात आहे, शेजाऱ्याशेजाऱ्यांत आहे, एका गावात राहणाऱ्या दोन जमातींत आहे. एकमेकांत विरून जावं लागू नये आणि हातही सुटू नये. त्याचं माप शास्त्रज्ञ रोज मोजून पाहतात, चुकतात, पुन्हा मोजतात. आपणही तेवढी चिकाटी धरायला काय हरकत आहे?