काळी पाचमधला चक बेरी

आपल्या शहरात, सिडकोत म्हणा, उस्मानपुऱ्यात म्हणा, नुकतीच इलेक्ट्रिक गिटार हाती घेतलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. रॉकमधला एखादा गाजलेला लिक बोटात बसवायचा कसा? लिक म्हणजे ऐकताक्षणी ओळखू येणारा छोटासा तुकडा. आज चक बेरीच्या १९५८च्या ‘जॉनी बी. गुड’ची सुरुवात घेऊ. बेरीनंही ती कानानंच उचलली होती. लुई जॉर्डनच्या १९४६च्या एका रेकॉर्डवर कार्ल होगननं तसाच तुकडा वाजवला होता.

माझं सांगणं असं, की गिटार बाजूला ठेवा आणि तुकडा आधी गा.

गाणं बी फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपली काळी पाच. पेटीवर षड्ज धरा. गिटारच्या तिसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटला कोमल गंधार, सातव्याला शुद्ध. कोमलवरून शुद्धवर जायचं आणि लगेच वरच्या दोन तारांवर एकच बोट आडवं ठेवून पंचम आणि तार षड्ज एकदम छेडायचे. दोन्ही गंधार जोगमध्येही आहेत. पण तिथं शुद्ध चढताना येतो, कोमल उतरताना. इथं कोमल ही शुद्धाकडे जायची पायरी आहे.

बेरीच्या वादनात पुढे तार ताणणं येतं, आणि खरी मेहनत तिथं. तिसऱ्या तारेचा आठवा फ्रेट म्हणजे मध्यम. तार ताणून तो पंचमापर्यंत चढवायचा, सतारीवर मींड काढतात तसा. शिकणारा एकट्या अनामिकेनं तार रेटतो आणि सूर अधेमध्येच लोंबकळतो. मागे मधलं बोट आणि तर्जनीही लावा, जोर मनगटातून येऊ द्या. दुसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर पंचम तयारच आहे. तो ऐका आणि ताणलेला सूर त्याला भिडवा. मे महिन्यात कूलरसमोरून उठून गच्चीवर गेलात, तर तारा आधी पुन्हा जुळवून घ्या.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली. तिच्यावर बेरीचं हे गाणं आहे आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांसमोर बसून शिकल्या. गुरूनं जागा घ्यायची, शिष्यानं ती गळ्यातून काढायची, चुकली की पुन्हा ऐकायची. लिक शिकायला याहून चांगली तालीम मला ठाऊक नाही. मोबाइलवरच्या टॅबमध्ये फ्रेटचे आकडे मिळतात. सूर किती ताणला, कुठं झटकन सोडला, हे कानालाच कळतं.

मूळ लय मिनिटाला १६० ठोक्यांच्या पुढची आहे. तुम्ही ६०वर सुरू करा. सूर स्वच्छ लागेपर्यंत लय वाढवू नका. काळी पाच पक्की झाली की अख्खा हात दोन फ्रेट वर सरकवा. पांढरी एक लागते आणि बोटांची ठेवण तीच राहते. पेटीवाला मित्र जवळ असेल, तर त्याला तिथला षड्ज धरायला सांगा.