दारिद्र्याचा काळ आणि शिक्षणाची वाट



गरीब घरातील मूल शिक्षणात मागे पडते, हे सर्वश्रुत आहे. परंतु ते घर किती वर्षे गरीब राहिले आणि मूल त्या वेळी किती वयाचे होते, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९६८ पासून त्याच त्या कुटुंबांच्या उत्पन्नाची नोंद ठेवली आहे. त्या नोंदींच्या अभ्यासातून असे दिसले, की अल्पकाळाच्या ओढाताणीपेक्षा दीर्घकाळचे दारिद्र्य अधिक हानी करते. आणि पहिल्या पाच वर्षांतील दारिद्र्याचे सावट पुढील शिक्षणावर विशेष पडते.

एकोडीसारख्या धान पिकविणाऱ्या गावास हे उमगणे कठीण नाही. एका हंगामात धान हातचे गेले, तरी गाठीस थोडे असलेले घर पुढील वर्षी सावरते. लागोपाठ चार वर्षे ओढ राहिली, की प्रथम ताटातले अन्न घटते, मग वह्या-पुस्तके, मग रोवणीच्या दिवसांतील शाळेची हजेरी. नववीत शाळा सोडणाऱ्या मुलाचा पाया अनेकदा तिसरी-चौथीतच खचलेला असतो.

कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे मर्म ओळखले होते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. तेथे मुलांना निवारा, अन्न व विद्या एकत्र मिळाली. ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने साहाय्याला स्वावलंबनाची जोड लाभली. वसतिगृहातील चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने दिले. आहारदान व ज्ञानदान यांचा असा संगम क्वचितच आढळतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा अधिकार दिला. परंतु सहा वर्षांपूर्वीचे पोषण आणि चौदा वर्षांनंतरचा खर्च हे दोन्ही काठ त्याच्या कक्षेबाहेर राहिले. समाजाच्या दानाची खरी गरज तेथेच आहे.

एके दिवशी शंभर मुलांना वह्या वाटणे पुण्याचे आहेच. परंतु दहाच मुलांचा हात बालवाडीपासून बारावीपर्यंत न सोडणे अधिक फलदायी ठरेल. जे दारिद्र्य वर्षानुवर्षे टिकते, त्यास वर्षानुवर्षे टिकणारे साहाय्यच उत्तर देऊ शकते.