गॅरेजचं वर्कशॉप आणि एक न जोडलेली हिरवी वायर

आज कोड नाही, नवीन फोन नाही. आज आमच्या नागपूरच्या घराचं गॅरेज.

बाबा रिटायर झाले, त्यांना सुतारकाम करायचं होतं. मला थ्रीडी प्रिंटरला जागा हवी होती. गाडी अंगणात गेली.

पहिला प्रश्न, वरचा लोखंडी पत्रा. नागपूरचा मे म्हणजे बाहेर ४५ अंश, आणि आत डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. मी उत्साहात पत्र्याला खालून थर्माकोल चिकटवलं. दोन दुपारी टिकलं, मग गोंद सुटला. बरंच झालं म्हणायचं. तिथे ग्राइंडर चालणार, ठिणग्या उडणार, आणि थर्माकोल पेटतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग पत्र्यावर बाहेरून पांढरा हीट-रिफ्लेक्टिव्ह रंग, आतून रॉकवूल आणि खाली सिमेंट फायबर बोर्ड. रॉकवूल पेटत नाही, पण अंगाला भयंकर खाजतं. फुल बाह्या, हातमोजे, मास्क, सगळं घाला.

जमिनीला गेटकडे उतार होता, गाडी धुताना पाणी जावं म्हणून. त्यावर टेबल डुगडुगायचं. कोबा करून लेव्हल केली, सात दिवस पाणी मारलं, आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून गेटला छोटा उंबरठा. झालं.

आता वायरिंग. वायरमन येऊन गेला. मी बल्ब लावला, पेटला, पैसे दिले. ऑफिसात कुणी टेस्ट न करता कोड मर्ज केला तर मी त्याला सोडत नाही, आणि इथे मी हेच केलं.

कोबा अजून ओलसर होता. बाबा अनवाणी, कारण गॅरेज झालं तरी ते घरच. त्यांनी जुन्या बेंच ग्राइंडरला हात लावला आणि 'अरे!' म्हणून मागे फेकले गेले. हाताला झिणझिण्या आल्या, बाकी काही नाही. ते हसले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी मेन बंद करून सॉकेट उघडलं. हिरवी वायर बोर्डापर्यंत आली होती, पण वरच्या मोठ्या भोकाला जोडलीच नव्हती. नुसती मागे दुमडून ठेवलेली! ग्राइंडरच्या आत वाइंडिंगची गळती, त्यामुळे बॉडीत करंट, आणि त्याला जमिनीत जायला वाट एकच, बाबा.

मग एमसीबी का नाही पडला? कारण तो वायर वाचवायला असतो. १६ अँपिअरवर करंट बराच वाढला तर तो पडणार. माणसाच्या जिवावर बेतायला पन्नासेक मिलिअँपिअरही पुरतात. त्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे तो बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की लाइन तोडतो. आमच्याकडे तो नव्हताच.

दुसऱ्या वायरमनकाकांकडून सगळं परत केलं. सॉकेटना २.५ स्क्वेअर एमएमची वायर, प्रत्येकाला अर्थिंग, आणि ते मीटर लावून माझ्यासमोर तपासलं. गॅरेजला वेगळा आरसीसीबी. त्याचं टेस्ट बटण फक्त तो स्वतः पडतो का एवढंच सांगतं, अर्थिंग वेगळं तपासावं लागतं. ग्राइंडरही दुरुस्त झाला.

आता दर एक तारखेला ते बटण बाबाच दाबतात. गेल्या महिन्यात माझी साडेसहा तासांची प्रिंट त्यात गेली. चप्पल मात्र अजून घालत नाहीत. मी ग्राइंडरसमोर रबर मॅट टाकली आहे.

चला, भेटू पुढच्या भागात.