प्रतिकारक आणि सहनशील : दोन तळ्यांतील माशांचा धडा



बियाण्याच्या माहितीपत्रकात ‘रोगास प्रतिकारक’ आणि ‘रोगास सहनशील’ असे दोन शब्द आपण नेहमी वाचता. दोन्हींचा अर्थ एकच, असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. हा फरक समजण्यासाठी आज एका रानमाशाचे उदाहरण पाहू.

कॅनडातील व्हँकूव्हर बेटावर रॉबर्ट्स आणि गोसलिंग नावाची दोन तळी आहेत. दोन्हींत स्टिकलबॅक हा बोटाएवढा, पाठीवर तीन काटे असलेला मासा राहतो. हा मूळचा समुद्रातला. सुमारे १२,००० वर्षांपूर्वी हिमयुगाचा बर्फ वितळला, तेव्हा तो गोड्या पाण्यात आला आणि तेथे त्याची गाठ एका पट्टकृमीशी पडली. मासेखाऊ पक्ष्यांच्या विष्ठेतून या कृमीची अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेली पिल्ले सूक्ष्म जलजीवांच्या पोटात जातात. ते जीव मासा खातो आणि कृमी त्याच्या पोटाच्या पोकळीत वाढतो. कधी कधी कृमीचे वजन माशाच्या वजनाच्या एक तृतीयांश भरते! असा मासा पक्ष्याने गिळला की कृमीचा फेरा पूर्ण होतो.

रॉबर्ट्स तळ्यातील माशांच्या पोटात कृमी शिरताच जखमेच्या व्रणासारख्या तंतुमय पेशीजालाची वाढ होते. त्यामुळे कृमी खुरटतो, प्रसंगी मरतो. हा गुण त्यांना कोणी शिकवला नाही. ज्यांच्यात तो जन्मतः होता, त्यांची संतती अधिक टिकली आणि पिढ्यानपिढ्या तो गुण वाढत गेला. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. या तंतूंनी पोटातील अवयव एकमेकांना चिकटतात आणि माद्यांची वीण घटते.

गोसलिंगच्या माशांत असे तंतू जवळजवळ होतच नाहीत. कृमी पोटात वाढतो, मासा त्याला सोसतो आणि वंश चालू ठेवतो. निसर्गाने येथे सहनशीलतेची निवड केली, असे २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. शत्रू एकच, पण दोन तळ्यांत उपाय दोन!

पिकांतही हेच तत्त्व लागू पडते. प्रतिकारक वाण रोगाला वाढू देत नाही. सहनशील वाणावर रोग येतो, पण उत्पादनात फारशी घट होत नाही. म्हणून वाण निवडताना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. वाण प्रतिकारक असेल, तर रोग न आलेल्या वर्षी त्याचे उत्पादन किती? आणि सहनशील असेल, तर त्याच्यावर पोसलेला रोग शेजारच्या शेतात जाईल काय? आपले पीक तरले, तरी बांधापलीकडचे बळी पडू शकते.

‘प्रतिकारक’ हा शब्द पाहूनच पिशवी उचलू नका. किंमत विचारा, मगच पेरा.