लांग पिंग : लोखंडी हातोडी ते सोनेरी कोच

आजचा भाग व्हॉलीबॉलवर आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! नियम माहीत नसले तरी चालेल. आज मला एका बाईंची गोष्ट सांगायची आहे आणि एक प्रश्न विचारायचा आहे. भारी खेळाडू निवृत्त झाला की तो आपोआप भारी कोच होतो का?

मला विचाराल तर, नाही. खेळाडूला स्वतःचा फटका मारायचा असतो. कोचला दुसऱ्याच्या हातून तो मारून घ्यायचा असतो. ही दोन वेगळी कामं आहेत. आणि दोन्ही ज्यांना जमली त्या म्हणजे चीनच्या लांग पिंग.

लांग पिंग यांचा जन्म १९६०चा, तिआंजिन शहरातला. उंची १.८४ मीटर. त्यांचा स्मॅश इतका जोरदार की चीनमध्ये त्यांचं नावच पडलं ‘लोखंडी हातोडी’. १९८१ साली जपानमध्ये वर्ल्ड कप झाला. शेवटच्या सामन्यात चीनने यजमान जपानला ३-२ने हरवलं आणि पहिल्यांदाच जगज्जेतेपद मिळवलं. १९८२ला पेरूमध्ये विश्व अजिंक्यपद, १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिक सुवर्ण. तेव्हा चीन नुकताच जगासाठी दारं उघडत होता. त्यामुळे या मुली म्हणजे फक्त टीम नव्हती, अख्ख्या देशाचा अभिमान होता.

पण त्याची किंमतही होती. त्या काळचं ट्रेनिंग प्रचंड कडक. पडा, उठा, परत पडा. खेळाडूंची शरीरं त्यात झिजली. लांग पिंग यांच्या गुडघ्यांवर पुढे कितीतरी ऑपरेशन्स करावी लागली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९८०च्या दशकातच त्या खेळातून बाहेर पडल्या आणि अमेरिकेला शिकायला गेल्या. घरी इतकं नाव असलेली बाई तिथे विद्यार्थिनी म्हणून वर्गात बसली! युनिव्हर्सिटीच्या टीमबरोबर असिस्टंट कोच म्हणून कामही केलं. १९९५मध्ये चीनची टीम अडचणीत होती, तेव्हा देशाने हाक मारली आणि त्या परत आल्या. पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिकमध्ये रौप्य. १९९८ला मात्र तब्येतीमुळे त्यांनी पद सोडलं. नंतर काही वर्षं इटलीतल्या क्लबांना कोचिंग केलं.

आता येतो अवघड भाग. २००५मध्ये त्यांनी अमेरिकेच्या महिला टीमचं कोचपद घेतलं. मुलगी अमेरिकेत होती, तिच्याजवळ राहणं हेही एक कारण होतं. आणि २००८चं ऑलिंपिक कुठे? बीजिंगला! साखळीतच अमेरिका विरुद्ध चीन. कल्पना करा, आपल्याच शहरात, आपल्याच प्रेक्षकांसमोर, समोरच्या बेंचवर बसायचं. अमेरिका ३-२ने जिंकली आणि पुढे रौप्यपदकही मिळवलं. चीनमध्ये काहींनी त्यांना थेट गद्दार म्हटलं. पण त्यांनी काम प्रामाणिकपणे केलं, एवढंच. हरण्यासाठी कोण कोच होतं, सांगा बरं?

२०१३मध्ये त्या परत चीनच्या कोच झाल्या. या वेळी परदेशात शिकलेलं सगळं बरोबर होतं. त्यांनी ठरावीक सहा-सात जणींवर विसंबणं सोडलं. खूप मुलींना कॅम्पमध्ये बोलवलं, तरुण मुलींना मोठ्या स्पर्धांत उतरवलं. फिटनेस आणि दुखापतींसाठी परदेशी तज्ज्ञ आणले. आठवतात ना ते गुडघे? आपल्याला जे सोसावं लागलं तेच पुढच्या पिढीनेही सोसावं, हा हट्ट त्यांनी धरला नाही. माझ्या मते त्यांचं कोच म्हणून मोठेपण इथेच आहे.

त्याची परीक्षा झाली २०१६ला रिओमध्ये. साखळीत पाचपैकी तीन सामने हरले! नेदरलँड्स, सर्बिया, अमेरिका, तिघांनीही धुतलं. गटात चौथा नंबर. क्वार्टर फायनलला समोर ब्राझील, तेही त्यांच्याच घरी. ब्राझील सलग दोन ऑलिंपिकचे विजेते आणि साखळीत एकही सेट न गमावलेले. पहिला सेट चीनने १५-२५ गमावला. संपलं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण लांग पिंग यांच्याकडे बेंच होता. बदली खेळाडू लिऊ शियाओथोंग आली, खेळ फिरला, आणि पाचवा सेट चीनने १५-१३ने काढला. मग सेमीफायनलला नेदरलँड्स, फायनलला सर्बिया. साखळीत ज्यांच्याकडून हरले त्यांनाच हरवून सुवर्ण! झू टिंग सर्वोत्तम खेळाडू ठरली. आणि लांग पिंग झाल्या खेळाडू आणि कोच अशा दोन्ही भूमिकांत व्हॉलीबॉलचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या पहिल्या व्यक्ती.

शेवट मात्र गोड नाही. २०१९चा वर्ल्ड कप चीनने अकराच्या अकरा सामने जिंकून घेतला, पण टोकियो ऑलिंपिकमध्ये टीम साखळीतच बाहेर पडली. झू टिंगचं मनगट दुखावलेलं होतं. लांग पिंग यांनी तिथेच थांबायचं ठरवलं.

त्यांच्यावर ‘लीप’ नावाचा चिनी सिनेमा आहे. त्यात तरुण लांग पिंगचं काम त्यांच्याच मुलीने केलंय. मिळाला तर जरूर बघा.

आणि आता तुम्ही सांगा. तुमच्या शाळेत किंवा क्लबमध्ये असा कोणी कोच होता का, ज्याने स्वतःला झालेला त्रास तुमच्या वाट्याला येऊ दिला नाही? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत खेळत राहा, गुडघे सांभाळा!