बालकांच्या पोटातील दुर्मिळ गाठी आणि विलंबाची किंमत

(वार्षिक सभेतील मनोगत)



आम्ही प्रशासनातील माणसे. शस्त्रक्रियेविषयी अधिकारवाणीने बोलणे आमचे काम नव्हे. तथापि ताळेबंदात न उमटणारा एक खर्च आज आपणांसमोर मांडावयाचा आहे. तो आहे विलंबाचा.

बालकांच्या पोटात क्वचित द्रवाने भरलेल्या पिशवीसारख्या गाठी होतात. त्यांना सिस्ट म्हणतात. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातील मेसेंटेरिक सिस्ट रुग्णालयात दाखल होणाऱ्या सुमारे २०,००० बालकांमागे एकात आढळते, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. पित्तनलिका फुगून होणारी कोलेडोकल सिस्ट आशियात अधिक आणि मुलांपेक्षा मुलींत अधिक दिसते.

पहिल्या प्रकारात पोट हळूहळू वाढते. ते दुखेलच असे नाही. घरी जंतांचे औषध दिले जाते. कधी पोटात पाणी झाल्याचा भास होऊन क्षयाची शंका येते. दुसऱ्या प्रकारात कावीळ होते, उतरते, पुन्हा होते. ती उतरली की पालक निर्धास्त होतात. गाठ मात्र तशीच राहते. पुढे आतड्याला पीळ पडणे, संसर्ग, यकृताची हानी आणि पित्तनलिकेच्या गाठीत कालांतराने कर्करोग, असे धोके संभवतात.

उपाय जुना व खात्रीचा आहे. मेसेंटेरिक सिस्ट शस्त्रक्रियेने यशस्वीपणे काढल्याची पहिली नोंद १८८० मधील, फ्रान्समधील शल्यचिकित्सक तिलो यांची आहे. केवळ द्रव काढल्यास गाठ पुन्हा भरते, म्हणून ती संपूर्ण काढतात. प्रसंगी आतड्याचा थोडा भागही काढावा लागतो. पित्तनलिकेचा फुगलेला भाग काढून यकृताकडून येणारी नलिका आतड्यास जोडतात. निदानाची पहिली पायरी मात्र साधी, वेदनारहित सोनोग्राफी हीच होय.

राज्यात २०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणाऱ्या जन आरोग्य योजनेने गरीब कुटुंबांना शस्त्रक्रियेसाठी मोठा आधार दिला. परंतु चंदगड वा गगनबावड्याहून बालकास कोल्हापुरास आणणाऱ्या मातापित्यांची बुडालेली मजुरी कोणत्याही बिलात येत नाही. त्या मजुरीपायीच तपासणी पुढे ढकलली जाते.

म्हणून देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे : दानातील काही वाटा यंत्रसामग्रीऐवजी या पहिल्या फेरीसाठी राखून ठेवावा. वेळेवर आलेले मूल बहुधा बरे होऊन घरी जाते. आमच्या हिशेबी याहून मोठी शिल्लक नाही.